नगरसेवकाविरुद्ध एक तक्रार नको, चार हव्यात

वाचकाचे पत्र

महोदय, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. घरातच यंत्रमाग आहेत, टॉवेल काढतो. आमच्या बोळातील ड्रेनेज महिनाभर तुंबत आहे. मागच्या आठवड्यात आमच्या प्रभागातील एक नगरसेवक बोळात आले असता माझ्या पत्नीने त्यांना त्याबद्दल विचारले. त्यावर दहा-बारा बायकांसमोर त्यांनी तिला तेलुगूत असा एक शब्द वापरला की तो मी इथे लिहू शकत नाही. "मत कुणाला दिलंत ते मला ठाऊक आहे, आता वर नळ कसा मिळतो तेच बघतो," असेही ते म्हणाले. वरच्या मजल्यासाठी आम्ही अर्ध्या इंची नळजोडणी मागितलेली आहे. दोन दिवसांनी त्यांच्याबरोबर फिरणारा एक कार्यकर्ता घरी येऊन "पाच हजार द्या, साहेबांचा राग जाईल, आठवड्यात नळ होईल" असे सांगून गेला. आम्ही पैसे दिलेले नाहीत. बोळातला काँक्रीटचा रस्ता एका पावसाळ्यात उखडला. तो या नगरसेवकांच्या मेव्हण्यानेच केला आहे, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

मी पाच पानी तक्रार लिहिली असून ती आयुक्त, महापौर, पोलीस आयुक्त, जिल्हाधिकारी, पालकमंत्री, मुख्यमंत्री आणि पक्षाचे शहराध्यक्ष अशा सगळ्यांना पाठवणार आहे. भागातील व्हॉट्सअॅप ग्रुपवरही टाकणार आहे. शेजारी म्हणतात, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? माझा भाचा इंग्लंडात लेस्टरला असतो. तो म्हणतो की तिकडे नगरसेवकाच्या वागण्याची तक्रार घ्यायला कौन्सिलमध्ये एक अधिकारीच असतो. आपल्याकडे तो अधिकारी कोण? आणि तक्रारीवर सही पत्नीची असावी की माझी?

– एक यंत्रमागधारक, सोलापूर

उत्तर

आपली पाच पाने अजून कोणाकडे गेली नसतील, तर ती आणखी दोन-तीन दिवस घरातच राहू द्यावीत, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर ती मुळीच टाकू नयेत. आपला राग अनाठायी आहे असे मला म्हणायचे नाही. परंतु आपण एकाच कागदावर चार वेगवेगळ्या गोष्टी लिहिल्या आहेत: पत्नीचा भर बोळात झालेला अपमान, नळ अडवण्याची धमकी, पाच हजारांची मागणी आणि मेव्हण्याने केलेला रस्ता. या चार गोष्टींची दखल घेण्याचा अधिकार चार निराळ्या ठिकाणी आहे आणि प्रत्येक ठिकाणी लागणारा पुरावाही निराळा आहे. असे संमिश्र पत्र सात कार्यालयांत गेले, की सातही कार्यालये त्यावर 'पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा मारून ते खाली पाठवतात आणि फिरत फिरत ते झोन ऑफिसातील एखाद्या कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर येऊन पडते. त्या बिचाऱ्याच्या हातात त्यातली एकच गोष्ट असते. तो माणसे पाठवून ड्रेनेज काढून देतो, फोटो जोडतो आणि तक्रार निकाली निघाल्याचे कळवतो. कागदोपत्री आपले समाधान झालेले असते.

आपल्या भाच्याने सांगितले ते खरे आहे, पण अर्धे. इंग्लंडात २०११च्या लोकॅलिझम कायद्यानुसार कौन्सिलला आपल्या सदस्यांसाठी आचारसंहिता स्वीकारावी लागते, ती मोडल्याच्या तक्रारींसाठी व्यवस्था ठेवावी लागते आणि चौकशी केलेल्या तक्रारीवर निर्णय देण्यापूर्वी कौन्सिलबाहेरच्या एका स्वतंत्र व्यक्तीचे मत विचारात घ्यावे लागते. अशा तक्रारी सहसा मॉनिटरिंग ऑफिसर नावाच्या अधिकाऱ्याकडे जातात. मात्र आचारसंहिता मोडली असे ठरले तरी त्या कायद्याने कौन्सिलला सदस्यास निलंबित करण्याचा अधिकार दिलेला नाही. जाहीर नापसंती, माफी मागण्याची सूचना, फार तर एखाद्या समितीवरून दूर करणे, इतपतच मजल जाते. आपल्याकडे चित्र जवळजवळ उलटे आहे. नगरसेवक उद्धट बोलला म्हणून अर्ज कोणाकडे करावा, याचे सरळ उत्तर देणारा अधिकारी महापालिकेत नाही. परंतु काही ठरावीक कारणे सिद्ध झाली, तर मात्र पद जाते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील १० आणि ११ ही कलमे वाचली तर कायद्याची नजर कशावर आहे ते कळते. महापालिकेच्या कंत्राटात हितसंबंध, बेकायदा बांधकाम किंवा ते पाडण्यास अडथळा, दोनपेक्षा अधिक अपत्ये, परवानगीशिवाय सलग तीन महिने सभांना गैरहजेरी हे सगळे त्या कायद्याला कळते. बोळात उभे राहून बाईमाणसाला शिवी देणे त्या कलमांना कळत नाही. ही उणीव आहे असे माझे स्पष्ट मत आहे, पण ती भरून निघेपर्यंत आहे त्या कायद्यानेच वाट काढावी लागेल.

वागणुकीच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद आहे ती कलम १३ची. कर्तव्य बजावताना गैरवर्तन किंवा लांच्छनास्पद वर्तन केल्याबद्दल नगरसेवकाला पदावरून दूर करण्याचा अधिकार त्या कलमाने राज्य शासनाला दिला आहे. शासन ते स्वतःहून करू शकते किंवा महापालिकेच्या शिफारशीवरून करू शकते, आणि तशी शिफारस करण्यापूर्वी संबंधित नगरसेवकाला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. आयुक्तांचे नाव या साखळीत निर्णय देणारे म्हणून कुठेही येत नाही. आयुक्त हे प्रशासनाचे प्रमुख आहेत, नगरसेवकांचे वरिष्ठ नव्हेत, आणि महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीत कितीही चकरा मारल्या तरी नगरसेवकाला समज देण्याचा हुकूम त्यांच्याकडून निघणार नाही. महापौरांचा अधिकारही मुख्यतः सभागृहापुरता आहे; सभेत गोंधळ घालणाऱ्या सदस्याला ते बाहेर जायला सांगू शकतात, बोळात काय घडले त्यावर नाही. तेव्हा कलम १३खालील अर्ज करायचाच असेल, तर तो मंत्रालयातील नगरविकास विभागाकडे करावा, परंतु आज नाही. नुसत्या आरोपांच्या बळावर तो अर्ज फार दूर जाणार नाही. हाताशी गुन्ह्याची नोंद किंवा एखाद्या चौकशीचा अहवाल असला, म्हणजे त्याला वजन येते.

आता सर्वांत निकडीची गोष्ट, म्हणजे पाच हजारांची मागणी. आपण ती पत्रात जाता जाता, रस्त्याच्या तक्रारीइतक्याच जागेत उरकली आहे. वास्तविक तिला सर्वांत वरची जागा मिळायला हवी होती. पैसे मागितले आहेत आणि अजून दिलेले नाहीत, ही अवस्था फार दिवस टिकत नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा विनाशुल्क क्रमांक आहे आणि त्यांचे कार्यालय सोलापुरातही आहे. तिथे स्वतः जाऊन तक्रार द्यावी. तक्रार आल्यावर विभाग आधी मागणीची पडताळणी करतो, म्हणजे सरकारी पंचांसमक्ष आपल्याला त्या व्यक्तीशी बोलायला लावून मागणी खरोखर होते आहे ना, याची खात्री करून घेतो, आणि मगच सापळा लावतो. सापळ्यात वापरलेली रक्कम तक्रारदाराला परत मिळण्याची व्यवस्था आहे. तोवर आपण आपल्या बुद्धीने काही करू नये. त्या कार्यकर्त्याला फोन करून "तीन हजारांत भागवा" असे म्हणणे, स्वतःहून त्याच्या हातात पाकीट ठेवून लपून चित्रीकरण करणे, किंवा मेव्हण्याच्या ओळखीच्या कोणाला मध्ये घालणे, यांतले काहीही केले तर पुढे न्यायालयात पैसे त्याने मागितले की आपण देऊ केले, हाच वाद होऊन बसतो.

आपल्याला शंका येईल की पैसे तर कार्यकर्त्याने मागितले, नगरसेवक साहेब हात वर करतील. करतील, बहुधा. परंतु भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात २०१८ साली घातलेले कलम ७अ नेमके अशाच मध्यस्थासाठी आहे: लोकसेवकावर वजन टाकून काम करून देतो म्हणून पैसे घेणारा माणूस स्वतः सरकारी नोकर नसला तरी गुन्हेगार ठरतो. आणि नगरसेवक हा लोकसेवक आहे की नाही, हा प्रश्नही आता शिल्लक राहिलेला नाही. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेच्या व्याख्येपुरता नगरपालिकेचा सदस्य लोकसेवक नाही असा निर्णय दिला होता, आणि त्याचा आधार घेऊन बरीच वर्षे युक्तिवाद केले गेले. पण १९८८चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा अधिक व्यापक आहे आणि त्याखाली असा सदस्य लोकसेवकच ठरतो, असे त्याच न्यायालयाने २०१३ साली राजस्थानातील एका प्रकरणात सांगितले. पैसे देणे भागच पडले, तर ते दिल्यापासून सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्यास कायद्याने संरक्षण दिले आहे. पण तिथवर जाऊच नये.

कार्यकर्ता आला त्या वेळचे संभाषण फोनवर ध्वनिमुद्रित झालेले असेल, तर तो फोन तसाच जपून ठेवा. ध्वनिफीत कापू नका, तिला नाव बदलून ठेवू नका, आणि "ऐका, कसा बोलतोय" म्हणून चार जणांना पाठवू तर अजिबात नका. मूळ उपकरण आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चे प्रमाणपत्र या दोन्हींची पुढे गरज लागते.

पत्नीच्या अपमानाबद्दल मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण सामान्य माणसाची तक्रार बहुतेकदा इथेच कच्ची पडते. आपण पत्रात लिहिले आहे की तो शब्द आपल्याला लिहिता येत नाही. आपला संकोच मी समजू शकतो. पण आपल्या पाच पानी तक्रारीतही बहुधा आपण "अर्वाच्य भाषेत शिवीगाळ केली" असेच लिहिले असणार. हे चार शब्द तक्रारीचा जीव घेतात. अर्वाच्य म्हणजे काय, हे ठरवणे वाचणाऱ्याचे काम आहे. आपले काम कानांनी जे ऐकले ते जसेच्या तसे कागदावर उतरवण्याचे आहे. शब्द तेलुगूत असेल तर तो तेलुगूतच, देवनागरी लिपीत लिहावा आणि पुढे त्याचा मराठी अर्थ द्यावा. आपल्या शहरात हे काही नवे नाही. पूर्व भागात एका भांडणात तेलुगू, कन्नड आणि मराठी अशा तिन्ही भाषा सुखेनैव वापरल्या जातात, आणि पोलीस ठाण्यातल्या लेखनिकाला त्याची सवय असते. मजकूर साधारण असा असावा: "अमुक तारखेस सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्या घरासमोर ड्रेनेजच्या झाकणाजवळ उभे राहून श्री. अमुक यांनी मला उद्देशून तेलुगूमध्ये पुढील शब्द उच्चारले: … त्यांचा मराठीत अर्थ … असा होतो. त्या वेळी तिथे अमुक व अमुक या महिला हजर होत्या व त्यांनी हे ऐकले." यात 'माजलेला', 'गुंड प्रवृत्तीचा', 'लोकशाहीला काळिमा' वगैरे एकही विशेषण येऊ देऊ नये. विशेषणे आपल्याकडून येतात. वकील उलटतपासणीत ती एकेक करून सोलून काढतो आणि मग खऱ्या वाक्याबद्दलही संशय निर्माण करतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. उच्चारलेला शब्द स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणारा असेल, तर तिचे कलम ७९ लागते; पूर्वीच्या दंड संहितेत हेच कलम ५०९ होते. हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांनी गुन्हा नोंदवून तपास करायचा असतो. शब्द नुसता उद्धट, तुसडा किंवा जातीवाचक नसलेला शिवराळ असेल, तर प्रकरण बहुधा अदखलपात्र नोंदीवर, ज्याला आपण सगळे एनसी म्हणतो, तिथेच थांबते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. म्हणूनच तो नेमका शब्द कागदावर येणे इतके महत्त्वाचे आहे; गुन्ह्याचा प्रकारच त्यावर ठरतो. आपण अनुसूचित जाती किंवा जमातीचे असाल आणि शब्द जातीवरून असेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकेल, आणि तसे असल्यास ते पहिल्याच तक्रारीत यायला हवे, मागाहून सुचल्यासारखे नव्हे. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेतला नाही, तर तक्रारीचा मजकूर लेखी स्वरूपात पोलीस आयुक्तालयात वरिष्ठांकडे टपालाने पाठवावा आणि तरीही काही घडले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे, असा क्रम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत घालून दिलेला आहे.

साक्षीदारांविषयी एक सूचना करतो. दहा-बारा बायकांच्या सह्यांचा एक लांब कागद करू नका. अशा कागदावर कोण कशासाठी सही करते हे सहीनंतर कोणालाच आठवत नाही, आणि नगरसेवकाचा माणूस घरोघर फिरून आला की निम्म्या सह्या 'आम्हाला वाचून दाखवले नव्हते' असे म्हणू लागतात. दोनच बायका असू देत, पण त्यांनी काय ऐकले ते त्यांच्या शब्दांत, त्यांच्या निराळ्या कागदावर असू दे. दोघींच्या वाक्यांत थोडा फरक पडला तरी घाबरू नका. तंतोतंत सारखे निवेदन हेच संशयास्पद असते.

नळाच्या धमकीसाठी मात्र पोलिसांकडे स्वतंत्र तक्रार करू नये असे माझे मत आहे. "नळ कसा मिळतो ते बघतो" हे वाक्य फौजदारी धमकी ठरते की नाही, यावर वकील दोन्ही बाजूंनी तासभर बोलतील आणि आपला नळ तसाच राहील. ते वाक्य लाचलुचपत विभागाकडील तक्रारीत पाच हजारांच्या मागणीची पार्श्वभूमी म्हणून लिहावे. तिथे ते फार कामाचे आहे. नळाचा प्रश्न नळाच्याच फायलीत सोडवावा. नळजोडणीच्या अर्जावर नगरसेवकाची शिफारस लागते असा आपल्याकडे एक पक्का समज आहे, आणि तो समज टिकण्यात कोणाचा फायदा आहे हे सांगायला नको. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली नवीन नळजोडणी ही ठरावीक मुदतीत द्यायची सेवा आहे. अर्ज देताना मिळालेली पोच आणि तिच्यावरील तारीख शोधून काढा. मुदत उलटली असेल किंवा अर्ज नाकारला असेल तर तीस दिवसांत पहिले अपील करा. समाधानकारक कारण न देता सेवा रोखणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि हा दंड त्याच्या खिशातून जातो. त्यामुळे नगरसेवकाचा निरोप मोडणे आणि दंड भरणे यांत निवड करायची वेळ आली की फाईल सहसा हलते. अपिलात नगरसेवकाचे नावसुद्धा घेऊ नका. त्याआधी घरपट्टी आणि पाणीपट्टीची थकबाकी नाही ना, हे पाहून ठेवा, कारण ती असेल तर आपण आपल्याच हाताने त्यांना कारण देत आहात.

आणि कृपा करून पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याशी भांडू नका. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या भागात पाणी कमी आले की पहिला संशय त्याच्यावर जातो; तो हुकमाचा ताबेदार आहे आणि उद्या आपल्या बाजूने बोलणारा पहिला माणूस तोच असू शकतो.

राहिला रस्ता. 'सगळ्या गल्लीला माहीत आहे' हा पुरावा नव्हे, आणि खरे सांगायचे तर मेव्हण्याला काम मिळाले एवढ्यानेही नगरसेवक अपात्र ठरत नाही. कलम १० पाहते ते नगरसेवकाने स्वतः किंवा त्याच्या भागीदाराने, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे, महापालिकेच्या कंत्राटात ठेवलेला हिस्सा किंवा हितसंबंध. मेव्हण्याच्या फर्ममध्ये ते भागीदार आहेत का, कामाचे पैसे त्यांच्या खात्यात आले आहेत का, यंत्रसामग्री किंवा जागा त्यांची आहे का, हे दाखवता आले तर मुद्दा उभा राहतो. नुसत्या नात्याने नाही. दुसरी गोष्ट तारखेची. आपल्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर नव्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकांच्या हाती होता. रस्त्याचा कार्यारंभ आदेश त्या काळातला असेल, काम तेव्हाच संपून देयकही चुकते झाले असेल, तर ते त्या वेळी नगरसेवकच नव्हते आणि अपात्रतेचा मुद्दा जवळजवळ संपतो. म्हणून आधी कागद मागवावेत.

त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज पुरेसा आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय घ्यावा लागतो आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवावा लागतो, तेव्हा पार्श्वभूमी सांगत बसू नये. शुल्क दहा रुपये. "अमुक बोळातील काँक्रीट रस्त्याच्या कामाची निविदा सूचना, आलेल्या निविदांचा तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, अदा केलेली देयके, त्रयस्थ तपासणीचा अहवाल, दोषदायित्व कालावधीची अट आणि या कामाची शिफारस करणारी पत्रे यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात" एवढे लिहिले की काम झाले. रस्ता का उखडला, दोषी कोण, कारवाई का नाही, असे प्रश्न त्यात घालू नयेत. माहिती अधिकारी कागद देतो, मते देत नाही, आणि असे प्रश्न त्याला अर्ज फेटाळायला आयती सबब पुरवतात. माहिती कशासाठी हवी आहे हे सांगण्याची कायद्याने गरज नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर त्याच कार्यालयात पहिले अपील करावे. हाती येणाऱ्या कागदांत दोषदायित्व कालावधीचा कागद मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. तो कालावधी संपला नसेल, तर ठेकेदाराने स्वखर्चाने रस्ता दुरुस्त करून द्यायचा असतो, आणि त्यासाठी नगर अभियंत्यांना लिहिलेले अर्ध्या पानाचे पत्र कोणत्याही अपात्रतेच्या प्रकरणापेक्षा लवकर फळ देईल. मेव्हणा असो वा आणखी कोणी, काँक्रीट तर नीट होईल.

कागदांतून हितसंबंधाचा धागा खरोखर सापडलाच, तर तो प्रश्न न्यायाधीशांपुढे नेण्याची वाट कलम १२ने मुख्यतः नगरसेवक आणि आयुक्त यांच्या हाती ठेवली आहे. इथे आपल्या बहुसदस्यीय प्रभागाचा उपयोग होतो. बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक आहेत, त्यामुळे एकाने दार लावले तर बाकीच्या तिघांची दारे उघडी असतात. त्यांच्यापैकी एखाद्याला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, कागदांचा संच दाखवून सभागृहात लेखी प्रश्न विचारायला सांगता येईल. तो आपले राजकारण करेल हे गृहीत धरावे. त्याच्या भाषणासाठी आपल्या पत्नीची तक्रार मात्र त्याच्या हाती देऊ नये.

पक्षाच्या शहराध्यक्षांकडे पत्र पाठवण्यास माझा विरोध नाही, पण मी ते सगळ्यांत शेवटी पाठवीन. पक्षाकडे वजन असते, कार्यपद्धती नसते. तिथून बहुधा "घरी येऊन माफी मागतील, मिटवून टाका" असा निरोप येतो. तो स्वीकारायचा की नाही हे पत्नीने ठरवावे, आपण नाही. स्वीकारला तरी पाच हजारांची मागणी त्या माफीने मिटत नाही.

आता व्हॉट्सअॅपबद्दल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये बदनामीच्या गुन्ह्याला अपवाद आहेत आणि त्यांतला एक आपल्या कामाचा आहे: ज्याला त्या विषयात कायदेशीर अधिकार आहे अशा व्यक्तीकडे सद्भावनेने केलेला आरोप ही बदनामी होत नाही. म्हणजे हाच मजकूर लाचलुचपत विभागाला दिला तर आपण संरक्षणात आहात, आणि अडीचशे जणांच्या ग्रुपवर टाकला तर त्या संरक्षणाबाहेर. लोकहिताच्या विषयावरील मतासाठीही अपवाद आहे, परंतु 'मेव्हण्याकडून टक्केवारी घेतो' हे मत नसून विधान आहे, आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येईल. शिवाय सापळ्याची शक्यता असताना ग्रुपवर लिहिणे म्हणजे समोरच्याला आगाऊ सूचना देणे होय. याच न्यायाने अधिकाऱ्यांकडे केलेल्या तक्रारीतही जे माहीत नाही ते लिहू नये. लोकसेवकाला खोटी माहिती देऊन दुसऱ्याला त्रास देणे हाही गुन्हा आहे, आणि प्रत्युत्तर म्हणून त्याचाच धाक दाखवला जातो.

नगरसेवकांचीही काही बाजू असेल, हे लक्षात ठेवावे. त्यांना नोटीस जाईल, ते म्हणतील की बायकांनीच आधी घेराव घातला, शब्द आपण म्हणता तो नव्हता, कार्यकर्ता आमचा नाहीच. पत्नीने त्या वेळी काही वाढीव शब्द वापरले असतील तर ते आपल्या निवेदनात आपणच लिहून टाकावेत. समोरून आले तर ते लपवल्यासारखे दिसते. ड्रेनेजची तक्रार आधी कधी, कोणाकडे नोंदवली होती त्याचा क्रमांकही शोधून ठेवावा, म्हणजे प्रश्न विचारणे हा तिचा आगाऊपणा नव्हता हे कागदावरून दिसेल.

शेजाऱ्यांच्या सल्ल्यात शहाणपण अजिबात नाही असे नाही. त्यांना आपल्याबरोबर ओढू नये एवढे त्यातून घ्यावे. निनावी अर्जाचा मोह मात्र टाळावा, कारण नाव-पत्ता नसलेल्या अर्जाला शासकीय कार्यालयांत किंमत नसते आणि मजकुरावरून तो कोणाचा हे बोळात कळायचे ते कळतेच.

सहीबद्दल आपण विचारले आहे. लाचेच्या मागणीची तक्रार आपली, कारण मागणी आपल्याकडे झाली. नळाचे अपील ज्याच्या नावे अर्ज आहे त्याचे. माहिती अधिकाराचा अर्ज घरातील कोणीही करू शकतो. पोलीस ठाण्यातील तक्रार मात्र पत्नीचीच असावी आणि तिच्याच शब्दांत असावी. कलम ७९खालील गुन्ह्याची खबर एखादी स्त्री देत असेल, तर ती महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा अन्य महिला अधिकाऱ्याने नोंदवून घ्यायची असते, आणि तशी मागणी करण्यात गैर काही नाही. त्या वेळी आपण बाहेर बाकावर बसावे. तिला मराठी वाचनाची सवय नसेल, तर लिहून घेतलेला मजकूर तेलुगूत समजावून सांगायला लावावा, वेगळा पडलेला शब्द तिथेच दुरुस्त करून घ्यावा, मगच सही करावी, आणि गुन्हा नोंदला गेला की त्याची प्रत विनामूल्य मिळते, ती हातात घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नये.